इंटर्न्सना बिडी-तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन शिकवायचंय, दोन तासांत काय बसवावं?

पीएसएमवाला

नमस्कार मंडळी. वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित लोक इथे बरेच आहेत म्हणून हा धागा.

ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात कम्युनिटी मेडिसिनच्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगला इंटर्न्स येतात. एका बॅचला दहा-बारा जण. त्यात 'तंबाखूमुक्ती समुपदेशन' या नावाखाली दोन तास मिळतात. सध्या त्या दोन तासांत स्लाइड्स चालतात: तोंडाच्या कर्करोगाचे फोटो, निकोटिन मेंदूत काय करतं, कोटपा या तंबाखू नियंत्रण कायद्याची कलमं आणि पाच 'ए'. पाच 'ए' सगळ्यांना तोंडपाठ असतात. विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुढची भेट ठरवा. तोंडी परीक्षेत कुणी अडत नाही.

ओपीडीत बसवलं की मात्र असं ऐकू येतं:

"स्मोकिंग करता का?"
"नाही."
केस पेपरवर 'नॉन-स्मोकर'. शर्टाच्या खिशातून चुन्याची डबी डोकावत असते.

नाहीतर दुसरा प्रकार: "बिडी सोडा, नाहीतर कॅन्सर होईल." रुग्ण म्हणतो "हो साहेब", चिठ्ठी घेतो आणि फाटकाबाहेर जाऊन पेटवतो. पेपरवर शेरा: 'सोडण्याचा सल्ला दिला'.

माहिती कमी पडते असं नाही, बोलता येत नाही. दोन तास, एक खोली, प्रोजेक्टर आणि एक शिक्षक एवढंच हाताशी आहे. बाहेरून प्रशिक्षित 'नकली रुग्ण' आणायला पैसे नाहीत. नंतर ओपीडीत एका रुग्णाला चार-पाच मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही. यात काय शिकवावं, काय सोडावं, आणि शिकले की नाही हे तपासायचं कसं?

---

मनकवडा

सर, स्लाइड्स आधल्या दिवशी वॉट्सॲपवर पाठवून द्या आणि दोन तासांत प्रोजेक्टर लावूच नका. पहिली दहा मिनिटं गप्पा, वीस मिनिटं तुम्ही स्वतः करून दाखवायचं, एक तास रोलप्ले, वीस मिनिटं औषधं, शेवटी ओपीडीतलं काम वाटून द्यायचं. करून दाखवताना दोनदा दाखवा: एकदा नेहमी होतं तसं वाईट, एकदा बरं. वाईट आधी. पोरं हसतात, कारण सगळ्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

सगळ्यात आधी पहिला प्रश्न दुरुस्त करून घ्या. 'स्मोकिंग करता का' हा प्रश्न महाराष्ट्रात तंबाखू घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना लागूच होत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूर ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित घेणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हीत. म्हणून प्रश्न असा: "तंबाखूचं काय काय घेता? बिडी, सिगारेट, मळून, गुटखा, मावा, मिसरी?" विदर्भात असाल तर 'खर्रा' हा शब्द त्यात हवाच. यादी एका दमात आणि सपाट आवाजात म्हणायची, जसं आपण 'साखर, बीपी, दमा काही आहे का' विचारतो. आवाज चढला की उत्तर 'नाही' येतं. बायकांना मिसरीबद्दल वेगळं विचारावं लागतं. त्यांच्या हिशेबी ते दात घासणं असतं, व्यसन नसतं.

मग दोनच आकडे. सकाळी उठल्यावर पहिली कितव्या मिनिटाला, आणि दिवसाला किती. पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाच्या आत १, त्यानंतर ०. दिवसाला दहापर्यंत ०, वीसपर्यंत १, तीसपर्यंत २, त्यावर ३. बेरीज ५-६ आली की अवलंबित्व जबर. हे गुण सिगारेटसाठी ठरवलेले आहेत, बिडीला अंदाज म्हणूनच वापरा. आणि "किती बिड्या?" असं विचारलं की आकडा हमखास कमी येतो. "एक बंडल किती दिवस पुरतं?" असं विचारलं की खरा येतो. तंबाखूलाही तेच, पुडी किती दिवस पुरते.

सल्ला एका वाक्यात, आणि तो आज ज्यासाठी रुग्ण आलाय त्याला बांधलेला. इथे इंटर्न्स सगळ्यात जास्त घसरतात. पायाची जखम घेऊन आलेल्या मधुमेही माणसाला फुप्फुसाच्या कर्करोगाचं व्याख्यान देतात. शिकवा की आधी विचारायचं, मग सांगायचं, मग पुन्हा विचारायचं:

"काका, ही जखम भरत नाहीये त्याचा आणि बिडीचा काही संबंध असेल असं वाटतं का?"
"काय की. असंल."
"बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाही. औषध मी देतोच, पण बिडी बंद झाली तर ते नीट काम करेल. हे ऐकून काय वाटतं तुम्हाला?"

तिसरं वाक्य बोलून गप्प बसायचं. पाच सेकंद. नव्या डॉक्टरला ती शांतता सोसत नाही, तो लगेच पुढचा उपदेश सुरू करतो. रोलप्लेमध्ये घड्याळ लावून ही पाच सेकंदं घोटून घ्या.

तयारी जोखायला पुस्तकात शून्य ते दहाची पट्टी दिलेली असते. शिकलेल्या रुग्णाला ती चालते. खेड्यातल्या वयस्कर माणसाला "सोळा आण्यांपैकी किती आणे मन झालंय सोडायचं?" असं विचारून पाहा, उत्तर पटकन येतं. समजा आलं "चार आणे". इथे पुढचा प्रश्न सगळं ठरवतो. "चारच का? सोळा का नाही?" असं विचारलंत की तो आपल्या अडचणी मोजायला लागतो आणि मोजता मोजता स्वतःलाच पटवतो की आपल्याला जमणार नाही. उलट "चार आणे तरी का? अजिबातच नाही असं का नाही म्हणालात?" असं विचारलं की तो सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगतो. नात लहान आहे, पैसे जातात, जिना चढताना दम लागतो. ती कारणं केस पेपरवर त्याच्याच शब्दांत लिहायची आणि पुढच्या भेटीत तीच काढायची.

रोलप्ले तिघांच्या गटात. एक डॉक्टर, एक रुग्ण, एक निरीक्षक. चार मिनिटं संवाद, तीन मिनिटं चर्चा, मग भूमिका बदला. तीन फेऱ्या अर्ध्या तासात होतात, पुन्हा गट फिरवून आणखी तीन. नकली रुग्ण विकत आणायची गरज नाही, पण कार्डं नीट लिहा. कार्ड नसेल तर रुग्ण झालेला मित्र दुसऱ्या मिनिटाला "हो डॉक्टर, आजच सोडतो" म्हणतो आणि सगळा खेळ संपतो. कार्डावर तीन गोष्टी हव्यात: तोंडावर काय सांगायचं, मोकळा प्रश्न आला तरच काय सांगायचं, आणि कोणत्या वाक्यावर चिडायचं. काही नमुने:

— ट्रकचालक, चाळिशी, रोज दोन बंडल. वर दिसतं: खोकला. दडलेलं: रात्री झोप येऊ नये म्हणून ओढतो, मागे एकदा महिनाभर सोडली होती. 'सोडून द्या' ऐकलं की चिडतो: "गाडी तुम्ही चालवणार का?"

— टीबीची औषधं चालू असलेला गवंडी. दडलेलं: बायकोला वाटतं बिडी बंद आहे. ती शेजारीच बसलीय.

— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, टपरीवर चहाबरोबर दोन सिगारेटी. "मी काही ॲडिक्ट नाही."

— पाचव्या महिन्यातली गरोदर बाई, मिसरी. दडलेलं: सासूही लावते, आणि मिसरीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.

— निवृत्त माणूस: "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते." इथे वाद घालायला लागलेला इंटर्न नापास. "म्हणजे सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, असं तुमचं म्हणणं. तुमच्या स्वतःच्या बाबतीत काय दिसतंय?" एवढंच.

निरीक्षकाच्या हातात कागद. त्यावर त्याने फक्त मोजायचं: मोकळे प्रश्न किती, 'हो-नाही'चे किती, 'पाहिजे' आणि 'नाहीतर' हे शब्द किती वेळा आले, रुग्णाचं बोलणं त्यालाच परत किती वेळा बोलून दाखवलं, कोण जास्त बोललं. मतं नकोत, आकडे वाचून दाखवायचे. 'छान केलंस' या अभिप्रायातून कुणी काही शिकत नाही.

---

पीएसएमवाला

मनकवडा, मनापासून आभार. आण्यांचं लगेच उचलतोय. पण गाडं परत वेळेपाशी अडतं. चार मिनिटांत तक्रार ऐकायची, तपासायचं, औषध लिहायचं. त्यात हे सगळं बसत नाही. आणि खरं सांगायचं तर पोरांना मनातून वाटतं की दोन मिनिटं बोलून कुणी तंबाखू सोडत नाही. त्यांना काय सांगायचं?

---

हॅलोताई

त्यांना आकडा सांगा. १९७९ मध्ये रसेल आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या जनरल प्रॅक्टिशनर्सकडे येणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांवर अभ्यास केला. डॉक्टरने एक-दोन मिनिटं सल्ला दिला, पत्रक हातात ठेवलं आणि 'मी पुन्हा विचारणार आहे' असं सांगितलं, त्या गटात ५.१ टक्के लोक वर्षभर बिनसिगारेटचे राहिले. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांच्यात ०.३ टक्के. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव सोडत नाहीत, हे पोरांचं निरीक्षण बरोबरच आहे. पण ओपीडीत रोज शंभर जण येतात आणि उरलेल्या पाचांसाठी दुसरं कुठलंही दोन मिनिटांचं काम इतकं फळत नाही. हे आधीच सांगितलं नाही तर पहिल्या दहा रुग्णांनंतर इंटर्न निराश होतो आणि विचारणंच बंद करतो.

'पुन्हा विचारणार आहे' हा भाग मात्र गाळू नका. त्यालाही वजन आहे.

ओपीडीसाठी पाच 'ए' नकोत, तीन पायऱ्या पुरेत: विचारा, एका वाक्यात सांगा, पुढे जोडून द्या. बीपीचा पट्टा गुंडाळताना विचारायचं, तपासता तपासता सांगायचं, चिठ्ठी लिहिताना जोडून द्यायचं. वेगळा वेळ काढायला गेलात तर तो कधीच मिळणार नाही. मोठं समुपदेशन ज्यांचं मन अर्ध्याहून जास्त झालंय त्यांनाच, आणि ते ओपीडी संपल्यावर बाकावर बसवून.

जोडून द्यायचं म्हणजे कुठे? राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलसह आणखी केंद्रं जोडली गेली. नंबर कागदावर लिहून देऊन भागत नाही. तो कागद चिठ्ठीबरोबर औषधाच्या दुकानात राहतो. रुग्णाच्याच मोबाइलवरून तिथल्या तिथे लावून द्या, निदान नंबर सेव्ह तरी करून द्या.

आता उरलेल्या पोस्टिंगचं. दोन तासांत शिकलेलं दोन आठवड्यांत विरतं. प्रत्येक इंटर्नला तीन रुग्ण 'दत्तक' द्या, सोडल्यापासून महिनाभर. सोडायची तारीख रुग्णाने ठरवायची, पुढच्या दोन आठवड्यांतली. अमावास्येला नको, लग्नसराईत नको असं तो म्हणेल. म्हणू द्या, तारीख त्याची असली की टिकते. फक्त 'दिवाळीनंतर बघू' ही तारीख नव्हे. फोन तारखेच्या आदल्या दिवशी, मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा फोन चुकवायचा नाही, कारण तलफ, चिडचिड, झोप उडणं हे सगळं तेव्हा टोकाला असतं. पुढे दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. हे रुग्णाला आधी सांगितलेलं असेल तर तो म्हणतो "डॉक्टर म्हणाले होते तसंच होतंय". सांगितलेलं नसेल तर म्हणतो "मला बिडी सोडल्यानं त्रास झाला".

फोनवर फसतं ते साध्या गोष्टींनी. मोबाइल घरात एकच असतो आणि मुलाकडे असतो. शेतावरचा माणूस दुपारी उचलत नाही. म्हणून नंबर घेताना दोन प्रश्न: हा फोन कोण उचलतं, आणि केव्हा केला तर तुम्हीच भेटाल. घरच्यांना माहीत नसेल तर 'दवाखान्यातून बोलतोय' एवढंच म्हणायचं.

आणि सुरुवात "परत ओढली का?" अशी नाही. "किती दिवस झाले?" अशी. एखादी ओढलीच असेल तर विचारायचं कुठे, कुणाबरोबर, काय चाललं होतं. बहुतेक वेळा उत्तर चहा, टपरी, जेवणानंतर, नाहीतर 'बसलो होतो'. शेवटचं आलं की दारूचंही बोलावं लागतं, ते टाळून पुढे जाता येत नाही. एक ओढली म्हणजे सगळं मुसळ केरात असं रुग्णाला वाटतं, आणि इंटर्नचा आवाज पडला की ते त्याला अजूनच पटतं.

---

श्वासोच्छ्वास

वरचं सगळं मान्य, औषधांना मात्र वीस मिनिटं कमी आहेत. 'इंटर्नने फक्त बोलावं, औषध वरच्यांनी बघावं' असा एक समज आहे. ५-६ गुणांच्या माणसाला नुसत्या गप्पांवर सोडणं म्हणजे त्याला पाडायचीच सोय.

निकोटिन गम. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत निकोटिन रिप्लेसमेंट (तंबाखूऐवजी औषधातून निकोटिन) आहे, त्यामुळे केंद्रात मागणी नोंदवायला हरकत नाही. पहिली बिडी उठल्यापासून अर्ध्या तासात असेल तर ४ मिलिग्रॅम, नंतर असेल तर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ, जास्तीत जास्त चोवीस. मग तीन आठवडे दर दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार ते आठ तासांनी.

गम वाया जातो तो चघळण्यात. रुग्ण तो च्युइंगगमसारखा कराकरा चावतो, निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, दुसऱ्या दिवशी पाकीट परत. नाहीतर सवयीने पिंक टाकतो, म्हणजे औषध भिंतीवर. बरोबर पद्धत: हळूहळू चावायचा, तोंडात झिणझिण्या किंवा मिरमिर जाणवली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. तंबाखू दाढेखाली धरणाऱ्याला हे लगेच कळतं. बिडीवाल्याला दाखवावं लागतं. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं आणि त्याला तोंडात आम्लता चालत नाही, म्हणून आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, सोडा बंद. सकाळी चहाबरोबर गम घेणाऱ्याला तो 'लागत नाही' तो यामुळेच. प्रत्येक इंटर्नला साधा च्युइंगगम देऊन ही कृती करवून घ्या आणि मग शेजाऱ्याला समजावून सांगायला लावा.

पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी): दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, १४ दोन आठवडे, ७ दोन आठवडे. रोज सकाळी नवी जागा, कंबरेच्या वर, कोरडी, केस नसलेली. विचित्र स्वप्नं पडत असतील तर रात्री काढून ठेवायचा. जबर अवलंबित्वात पॅच आणि वर लागेल तसा गम, असं दोन्ही देतात.

'निकोटिनने हार्ट अटॅक येईल' ही इंटर्न्सची आवडती भीती. गेल्या दोन आठवड्यांतला अटॅक, गंभीर अनियमित ठोके, वाढत चाललेलं अंजायना (हृदयामुळे छातीत दुखणं) यांत वरिष्ठांना विचारा. बाकीच्या हृदयरोग्याला बिडीतल्या कार्बन मोनॉक्साइडपेक्षा गम कितीतरी बरा.

ब्युप्रोपिऑन, ही निकोटिन नसलेली गोळी: सोडायच्या तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू. १५० मिलिग्रॅम एकदा तीन दिवस, मग दोनदा, दोन डोसांत निदान आठ तास, दुसरा झोपायच्या वेळी नको. फिट्सचा इतिहास असेल तर देऊ नका. रोजची दारू अचानक थांबवलेल्या माणसालाही नाही, आणि आपल्याकडे बिडी आणि दारू एकदमच सोडणारे बरेच असतात, म्हणून हा प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी नाही.

व्हॅरेनिक्लिन, हीसुद्धा निकोटिन नसलेली गोळी: ०.५ मिलिग्रॅम एकदा तीन दिवस, ०.५ दोनदा चार दिवस, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, बारा आठवडे. आठवा दिवस हाच सोडायचा दिवस. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं. जेवणानंतर आणि पेलाभर पाण्याबरोबर. मूत्रपिंड बरंच निकामी असेल तर डोस कमी. मानसिक दुष्परिणामांचा जुना ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये काढला, मोठ्या चाचणीत तसा धोका वाढलेला दिसला नाही म्हणून. जुन्या नोट्स वाचणारी मुलं अजून तेच सांगतात.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच स्लाइडवर नसते. बिडीच्या धुरातली संयुगं यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात आणि काही औषधं भराभर निकामी होतात: दम्याचं थिओफायलिन, मानसिक आजारांची क्लोझापिन आणि ओलान्झापिन. बिडी बंद झाली की काही दिवसांत एन्झाइम खाली येतं आणि तोच डोस जड पडतो. दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या खाणारा माणूस बिडी सोडल्यावर आठवड्याने मळमळ, धडधड, हात थरथरणं घेऊन येतो. त्याला वाटतं बिडी सोडल्याने झालं, आणि पुन्हा पेटवतो. सोडायच्या तारखेलाच डोसचा विचार करा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे गम-पॅच चालू असला तरी होतो आणि नुसती तंबाखू मळणाऱ्यात होत नाही. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच वाटेने जातं. सोडल्यावर झोप उडाली, छातीत धडधडलं, तर आधी चहाचे कप मोजा.

कर्करोगाच्या फोटोंबरोबर भीतीच काढून टाकायला मात्र माझा थोडा विरोध. भीती कामच करत नाही असं नाही. दुसऱ्याच्या जबड्याची भीती काम करत नाही. स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी) करून 'तुमच्या फुप्फुसाचं वय अमुक' असं सांगितल्यावर वर्षभराने १३.६ टक्के लोकांनी सोडलेली आढळली, नुसता आकडा दिलेल्यांत ६.४ टक्के. २००८ चा ब्रिटिश अभ्यास आहे.

---

दंतकथा

'दुसऱ्याच्या जबड्याची भीती' याला माझ्याकडून +१. स्पायरोमीटर नसेल तर टॉर्च आणि दहा रुपयांचा आरसा आहे. तंबाखू घेणाऱ्या प्रत्येकाचं तोंड उघडून बघायला शिकवा. वैद्यकीय इंटर्न जीभ बाहेर काढायला लावतो आणि संपलं. खालचा ओठ आणि गाल ओढून, तंबाखूची गोळी ज्या बाजूला धरतात तिथे बघायचं. पांढरा, सुरकुतलेला चट्टा बहुतेक तिथेच असतो. तो रुग्णाला आरशात दाखवायचा आणि विचारायचं, "दुसऱ्या बाजूला आहे का असा?" पुढच्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

तोंड किती उघडतं ते रुग्णाच्याच बोटांनी: स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. दोनच जात असतील आणि सुपारी, मावा, खर्रा खाणारा असेल तर सबम्यूकस फायब्रोसिस (गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड आखडणं) धरून चाला आणि दंत महाविद्यालयात पाठवा. अशा रुग्णाला गम लिहू नका, चावताच येणार नाही. दोन आठवड्यांवर न भरलेला व्रण असेल तर बी-कॉम्प्लेक्स लिहून घरी पाठवायचं नाही, बायोप्सीला पाठवायचं.

शब्द जपून वापरायला सांगा. 'गुटखा खाता का' याला आता 'नाही' असं उत्तर येतं, कारण राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि माणसं सुपारीची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या घेऊन तळहातावर एकत्र करतात. त्यांच्या मते तो गुटखा नाही.

तंबाखूला पर्याय म्हणून सुपारी सुचवणं ही सगळ्यात महाग चूक, आणि ती सर्रास होते. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्याच गटात टाकलंय. 'सुगंधी' पाकिटंही त्यातच. बडीशेप, लवंग, वेलची, सुकवलेला आवळा चालतो. आवळा गमच्या वेळेला नको, तो आंबट.

मिसरीचं. मनकवडांच्या कार्डावर आहे तो पोटाचा मुद्दा खरा आहे. निकोटिन बंद झालं की बद्धकोष्ठ होतं, ते मनाचे खेळ नव्हेत. 'असं काही नसतं' म्हणालात की बाई पुन्हा येत नाही. मिसरी सोडायच्या आदल्या रात्रीपासून इसबगोल, सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, दोन आठवडे. दिवसातून चार-पाच वेळा लावत असेल तर दुपारच्या वेळा आधी बंद करायच्या, सकाळची शेवटी. हातात काहीतरी हवं असतं, म्हणून साधी टूथपेस्ट आणि ब्रश. भाजलेली तंबाखू नसलेलं दंतमंजन चालेल, पण डबीवरचं लिहिलेलं वाचून. गरोदर बाईला ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन लिहायचं नाही, आधी समुपदेशनच. आणि सासू बरोबर आली असेल तर तिला बाहेर बसवू नका. घरात डबी एकच असते.

श्वासोच्छ्वास यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी: गम-पॅचचा पुरावा बिडी-सिगारेटसाठी भक्कम आहे, चघळायच्या तंबाखूसाठी तेवढा नाही. तिथे बोलणं आणि पाठपुरावा यांवरच जास्त भिस्त ठेवा.

---

पीएसएमवाला

भरपूर मिळालं. आता तपासणीचं राहिलं. ओस्कीचं, म्हणजे ठरलेल्या गुणतक्त्यावर घ्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं, एक स्टेशन लावायचा विचार आहे, पाच मिनिटांचं. आणि एक नाजूक प्रश्न: बॅचमधले दोन-तीन जण स्वतः टपरीवर असतात. त्यांना यात कसं घ्यायचं?

---

मनकवडा

ओस्कीत वीस गुण असतील तर माहितीला पाचच्या वर देऊ नका, नाहीतर पोरं पुन्हा पाठांतराकडे वळतील. सगळे प्रकार नाव घेऊन विचारले २, उठल्यावर पहिली केव्हा ते विचारलं २, आजच्या तक्रारीशी जोडलं ३, मोकळा प्रश्न करून थांबला ३, रुग्णाचं म्हणणं त्याच्या शब्दांत परत बोलला ३, पुढची तारीख ठरवली २. उरलेले पाच माहितीचे: गमची कृती किंवा एखादं औषध कुणाला द्यायचं नाही, जे कार्डावर असेल ते. घाबरवलं किंवा लाजवलं तर वजा २. रुग्णाची भूमिका केंद्रातल्या वॉर्डबॉयला किंवा आशाताईंना द्या. इंटर्नपेक्षा त्या फार बरं करतात, आणि "ह्या डॉक्टरकडे परत याल का?" हा प्रश्न त्यांना शेवटी विचारा. स्टेशन पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात नको, शेवटच्या आठवड्यात ठेवा. काय टिकलंय ते तेव्हाच कळतं.

ओढणाऱ्या इंटर्न्सना सगळ्यांसमोर विचारू नका आणि 'तू आधी सोड' तर नाहीच. असा डॉक्टर विषयच टाळतो, हा खरा तोटा आहे. रुग्णाला वास येतो तो वेगळाच. सगळ्या बॅचला एक काम द्या: आपली कुठलीही एक रोजची सवय, चहा, मोबाइल, सिगारेट, काहीही, एक आठवडा बंद, आणि तलफ केव्हा आली ते लिहायचं. कोणती ते सांगायची सक्ती नाही. ज्याला सिगारेट निवडायची तो निवडतो. आणि क्विटलाइन त्यांनाही खुली आहे, हे सहज बोलून जायचं.

---

हॅलोताई

एक छोटी गोष्ट राहिली. केस पेपरसाठी रबरी शिक्का करून घ्या. चार रकाने: काय घेतो, पहिली केव्हा, किती आणे, पुढची तारीख. शिक्का नोंदणीच्या खिडकीवरच मारायचा, इंटर्नच्या टेबलावर ठेवला तर गर्दीत विसरतो. रिकामा चौकोन समोर आला की प्रश्न आपोआप विचारला जातो, आणि महिन्याच्या शेवटी शंभर पेपर चाळून किती भरले ते मोजता येतं. शिक्का बनवताना तारखेचा रकाना मोठा ठेवा, त्यात फोनची वेळही लिहावी लागते. बाकी तिन्हीत दोन अक्षरं पुरतात.